खारीने आखलेलं लग्न

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या कासवांकडे लग्न निघालं आणि वेळापत्रक आखायचं काम चिटकी खारीकडे आलं. नदीपासून वडाखालच्या मांडवापर्यंत ती फांद्यांवरून स्वतः धावली आणि म्हणाली, “सकाळी न्हाणं उरकून निघा, आरामात पोचाल!”

लग्नाच्या दिवशी सूर्य वर चढला, तरी नवरीचा पत्ता नाही. चिटकी फांद्यांवरून नदीवर धावली. तिथे कुणीच नव्हतं. ती धापा टाकत परतली, तर अंतरपाटामागे नवरी उभी!

“काल दुपारीच निघालो गं,” नवरीचे मामा म्हणाले. “धावलीस तू, चालायचं आम्हाला होतं.”

चिटकीचा जीव भांड्यात पडला.

पुढचं लग्न गोगलगायीचं होतं. चिटकीने आधी नवरीला चालून दाखवायला सांगितलं, मगच मुहूर्त धरला.