हजर विद्यार्थिनी

माझी हिराताई ऑनलाइन बी.ए. करत होती. दिवाळीआधी तापाने ती गेली.

तिच्याच वर्गातली मैत्रीण यमुना वरच्या पाड्यावर राहते. तिथे रेंज नाही, म्हणून ती बाजाराच्या दिवशी खाली येऊन धडे मोबाइलवर उतरवून न्यायची आणि घरी अभ्यास करायची. तरी हजेरी कमी भरली म्हणून तिला परीक्षेला बसू देईनात. मला राहवलं नाही. तिला घेऊन मी थेट त्या अभ्यासक्रमाचे संचालक राजवाडे साहेबांसमोर उभा राहिलो.

मान वर न करता ते म्हणाले, "अरे बाबा, हजेरी माणूस नाही, यंत्र घेतं. ते खोटं बोलत नाही. जी वर्गात असते, तीच हजर दिसते."

"नक्की ना, साहेब?"

"शंभर टक्के!"

"मग हिरा भांगरे बघा."

त्यांनी नाव शोधलं आणि खूश झाले. "ही बघ, याला म्हणतात विद्यार्थिनी! आजसुद्धा हजर आहे."

यमुनाने तोंडाला ओढणी लावली.

"साहेब, तिला मीच अग्नी दिला," मी म्हणालो. "तिचा फोन बंद करवत नाही, म्हणून रोज चार्ज करतो. तुमचा वर्ग त्यावर आपोआप लागतो. पण यंत्र खोटं बोलत नसेल, तर ती कुठे बसलीय तेवढं सांगा. आत्ता जाऊन तिला घरी घेऊन येतो."

साहेबांनी स्वतः उठून यमुनाला खुर्ची दिली.

"बस, बाई. काय शिकलीस ते तूच सांग."

यमुना बोलू लागली, आणि त्या दिवसापासून तिथली हजेरी धड्यावरच्या उत्तरांवरून लागते.