टेकडीवरची कचेरी

वेळूला फुलोरा आला, त्या वर्षीचा चैत्र होता. नवं काही घडवणाऱ्यांना हातभार लावायला कचेरी उघडा, असा सिंहाने हुकूम केला. जागा निवडायचं काम हत्तीकडे आलं. त्याने टेकडीचा माथा निवडला. तिथे वारा छान होता आणि कचेरी साऱ्या रानातून दिसत होती. पण कोणी फिरकेना.

"डोकं चालवणारं कोणी उरलंच नाही," असं पुटपुटत हत्ती ओढ्यावर पाणी प्यायला उतरला. तिथे कुंभारीण माशी चिखलाचं मडकं घडवत होती. गेल्या पावसात तिची मडकी विरघळली आणि आतली पिल्लं वाहून गेली. यंदा तिला मातीत राळ मिसळून पाहायची होती. राळ होती कचेरीत.

"मग वर यायचं होतंस!" हत्ती खेकसला.

"निघाले होते, गजोबा. वाटेतूनच परतले, तरी तोवर अर्धं मडकं वाळून तडकलं. ते बघा, तुमच्या पायाशीच पडलंय. ओलं काम टाकून टेकडी कशी चढायची?"

हत्तीला राग आला. जागा त्याने स्वतः निवडली होती. पण त्याने सोंडेच्या टोकाने ते तडकलेलं मडकं चाचपून पाहिलं. मग तो वर गेला आणि छपरासकट सगळी कचेरी ओढ्याकाठच्या जांभळाखाली घेऊन आला.

"घे राळ. उसनी आहे."

आषाढात मडकी टिकली, पिल्लं उडाली. सुगरण, खेकडा, मुंग्याही जाता-येता कचेरीत डोकावू लागल्या. श्रावणात कचेरीचं छप्पर गळायला लागलं. कुंभारीण राळ घातलेली माती घेऊन आली, एकेक भोक बुजवलं आणि उसनं फेडून गेली.