भुईभाटच्या बाळाचे नाव

वसईच्या किनाऱ्याला भुईभाट नावाचे ख्रिस्ती वस्तीचे गाव आहे. तिथल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, फादर मान्वेल एकोणीस वर्षे होते. ते फार बोलत नसत. पण आजाऱ्याच्या घरी ते नुसते येऊन बसले, तरी घरातल्यांना धीर येई. त्यांच्या हयातीतली ही गोष्ट.

गावात इनास तुस्कान नावाचे बागायतदार होते. जीवनरक्षण समितीचे अध्यक्ष. पोटातले मूल मारणे हा खून आहे, असे ते प्रत्येक सभेत सांगत, आणि ते खरेच आहे. त्या वर्षी ते सरपंचपदाला उभे होते.

बस्त्याव हा गावच्या कबरी खणणारा. बायको बाळंतपणात गेली, मागे एकच मुलगी, रेमेत. लग्न न होताच रेमेतला दिवस गेले. बाप कोण, हे तिने सांगितले नाही. इनासशेठनी बस्त्यावला बोलावून घेतले.

"शहरात ने आणि मोकळी करून आण. निवडणुकीच्या तोंडावर देवळात हे पोट नको."

बस्त्याव म्हणाला, "शेठ, तुम्हीच तर सभेत सांगता..."

"ते लग्न झालेल्यांसाठी. तुझ्या घरच्या पोराला नाव कोणाचं लावणार? फावड्याचं?"

शेठच्या ओटीवर बसलेले लोक हसले.

बस्त्याव तडक फादरांकडे गेला. "हिची आई हिला जन्म देऊन गेली, फादर. आता हिचं लेकरू मारायला नेऊ?"

फादर म्हणाले, "रविवारी तिला देवळात मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसव. मी आहे."

रेमेतला सातवा महिना होता, तेव्हा देवळाच्या दारातून समितीची मिरवणूक निघाली. रेमेतही मेणबत्ती घेऊन उभी राहिली. इनासशेठनी सगळ्यांदेखत तिच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली. "तू बाहेर हो. लोक आम्हाला हसतील."

ती मागे वळली, पायरीवरून पाय सटकला आणि ती पोटावर पडली.

बस्त्यावने तिला उचलून देवळामागच्या खोलीत नेले. मिरवणुकीतल्या उर्सुला नर्सने बाळंतपण केले. मुलगा झाला, पण निळा. रडेना, हलेना. तिने पाठ चोळली, तोंडात फुंकले, काही झाले नाही. इकडे रेमेतचे रक्त थांबत नव्हते. उर्सुलाने दारातल्या माणसाच्या हातात मूल कोंबले आणि ती आईकडे धावली. दारात इनासशेठ होते.

फादर पाणी घेऊन आले.

"मेलंय हे, फादर. मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत."

"मेलं म्हणायची तुला फार घाई, इनास," फादर म्हणाले. "नाव?"

मूल हातात धरणाऱ्याचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत लिहितात; फादर तेच विचारताहेत असे इनासशेठना वाटले. "इनास," ते म्हणाले.

फादरांनी पाणी ओतले. "इनास, मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो."

तिसऱ्या वेळी पाणी डोक्यावर पडले आणि मूल रडले. तिकडे रेमेतचे रक्तही थांबले. उर्सुला भिंतीला धरून खाली बसली.

थोड्या वेळाने इनासशेठ भानावर आले. "फादर, चूक झाली. मी माझं नाव सांगितलं. हे नाव याला नको."

आमच्यात पहिल्या नातवाला आजोबाचे, म्हणजे बापाच्या बापाचे, नाव देतात. ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

"ते माझ्या लेकाच्या, रॉकीच्या मुलाचं आहे," ते म्हणाले.

"त्याच्याच मुलाला मिळालं," रेमेत म्हणाली. "जहाजावर नोकरीला जाताना रॉकीने शपथ घातली होती. मी येईपर्यंत कोणाला सांगू नको म्हणाला."

इनासशेठनी हातातल्या मुलाकडे पाहिले. यालाच संपव, असे ते स्वतःच्या तोंडाने सांगून चुकले होते. बस्त्यावने पुढे होऊन त्यांच्या हातातून मूल काढून घेतले.

इनासशेठ फादरांच्या पायांशी वाकायला गेले. फादर बाजूला झाले. "माझ्याकडे नको."

समोर बस्त्याव उभा होता. इनासशेठनी त्याच्या मातीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.

"व्याही," ते म्हणाले.