जळछत्रीचे पाणी

एका राज्यात, जिथे समुद्र थेट राजवाड्याच्या पायरीला लागे, सुधन्वा नावाचा राजा आणि कांतिमती नावाची राणी राहत होती. त्या समुद्रात जळछत्र्या असत. अंग काचेसारखे, आकार छत्रीचा. म्हातारी झाली की जळछत्री आक्रसून खडकाला चिकटे आणि पुन्हा बाळ होऊन पोहू लागे. मागचे तिला काही आठवत नसे.

राजाराणीची एकुलती एक लेक इरावती तापाने गेली. त्या राज्याची रीत अशी, की गेलेल्या लेकराचा दिवा दरवर्षी आईबापांनी मिळून, त्याचे नाव घेऊन पाण्यात सोडायचा. एकट्याच्या हातचा दिवा समुद्र घेत नसे. पण पहिले वर्ष सरायच्या आत राजा एका मांत्रिकाकडून जळछत्रीचे पाणी घेऊन प्याला आणि तरुण होऊ लागला. दरबाराने साखर वाटली. राजाचे केस काळे झाले म्हणजे राज्याचे भले झाले, असे मानणारे दरबारी कुठे नसतात?

मात्र जे वर्ष गळे, त्याची आठवणही गळे. राणीचा एकटीचा दिवा दरसाल लाटेवरून परत येई. एके सकाळी विशीतला राजा आपल्या पांढऱ्या केसांच्या राणीला अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, आपल्याला मुलेबाळे किती?"

इरावतीचे पहिले पाऊल, आंब्याच्या कोयीवरून तिचे रुसणे, सारे आता राणीच्या एकटीच्या ध्यानात उरले होते. "आठवते का हो?" असे विचारायचे तरी कुणाला?

ती किनाऱ्यावर गेली. तिथली समुद्रघार म्हणाली, "राणी, तीन कामे कर. समुद्राच्या तळाशी जा. डंख सोसून थोरल्या जळछत्रीला ओंजळीत घे. आणि ती देईल ते नाकार."

पाणी दुभंगले, राणी तळाशी उतरली. डंखांनी हात कोपरापर्यंत सुजले, पण तिने ओंजळ सोडली नाही.

जळछत्री म्हणाली, "तूही माझे पाणी पी. पुन्हा सोळा वर्षांची होशील. दुःखाचा मागमूस राहणार नाही."

खोटे कशाला सांगा, राणीला मोह झाला. तरी ती म्हणाली, "मग माझ्या लेकीला कोण आठवेल?"

"तर राजाची वर्षे परत ने," जळछत्री म्हणाली आणि पाण्याची जादू उतरली.

राणी वर आली तेव्हा म्हातारा राजा पायरीवर रडत बसला होता. "मला का परत आणलेस?"

"एकटीने आठवणे होत नाही, महाराज."

राजाने डोळे पुसले. मग म्हणाला, "लेक गेली त्या पहाटे तुझा डोळा लागला होता. इरावती मला म्हणाली, 'बाबा, मला भीती वाटते. आईला सांगू नका, ती रडेल.' तेवढे मला सोसले नाही, म्हणून ते पाणी प्यालो."

राणीला हे ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांनी लेकीचे एक नवे बोलणे तिच्या पदरात पडले. ती ढसाढसा रडली.

सांजवेळी दोघांनी दिवा सोडला आणि समुद्राने तो घेतला. मांत्रिकाने रातोरात राज्य सोडले. पुढे राजाराणी रोज पायरीवर बसत आणि इरावती आधी 'आई' म्हणाली की 'बाबा', यावरून मनसोक्त भांडत.