शिळेवरचं धुकं

फार उंचावर, जिथे ढग दमून खडकांवर बसतात, तिथे कातळदेश नावाचा एक गरीब देश होता. तिथल्या लोकांकडे रानफुलं मात्र भरपूर होती. पिवळी, जांभळी, गुलाबी, आणि त्यांच्यावर गुणगुणणाऱ्या इवल्या इवल्या सोनेरी मधमाश्या. डोंगराच्या पलीकडे झगमगनगरी होती. तिथले रस्ते काचेचे आणि छपरं चांदीची, पण फूल म्हणाल तर एकही नाही.

या दोन देशांचा व्यापार मोठा विचित्र होता. दोघांच्या मधोमध एक काळीभोर शिळा होती आणि तिच्यावर कायम दाट पांढरं धुकं असे. कातळदेशातल्या माणसांनी मधाचं मडकं शिळेवर ठेवायचं, घंटा वाजवायची आणि पळत जाऊन झाडांमागे लपायचं. थोड्या वेळाने पलीकडून घंटा वाजे. मडकं गेलेलं असे आणि त्याच्या जागी मूठभर मीठ असे, नाहीतर चार सुया. कमी वाटलं तरी सांगणार कुणाला? पलीकडच्यांचं तोंड पाहिलं की माणूस दगड होतो, असं सगळे म्हणत.

तिथल्याच सोनकी नावाच्या मुलीचे बाबा मध काढता काढता कड्यावरून पडले. पायाची जखम चिघळली आणि त्यांना ताप चढला. कपाळावर हात ठेवला की चटका बसे. ते सोनकीलाही ओळखेनात.

शेजारच्या ठकूमावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पलीकडे तापावर औषध असतं म्हणे. पण मागायचं कसं बाई? त्या घंटेला का तोंड असतं?"

सोनकीने घरातलं शेवटचं मडकं उचललं. "मी जाते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तो तिचा तिलाच ऐकू आला नाही.

ऊन कलायला लागलं होतं. शिळेपाशी एकही पाखरू बोलत नव्हतं. तिने मडकं ठेवलं, घंटा वाजवली आणि झाडामागे अंग चोरून बसली. टप... टप... पानांवरून पाणी गळत होतं. पलीकडून घंटा काही वाजेना. धुकं मात्र हळूहळू सरपटत तिच्या पावलांपर्यंत आलं.

आणि त्या धुक्यात काहीतरी लुकलुकलं!

सोनकीने घाबरून डोळे मिटले. किलकिले करून पाहते तो काय, समोर एक चिमुकली परी! अंगात चंदेरी झगा, दवाच्या थेंबांसारखे चमचमणारे डोळे आणि धुक्याचेच पांढरे, लांबच लांब पंख.

"बाळ, तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन," परी हळूच म्हणाली. "पण माझे नियम ऐक. मी नवीन काही घडवत नाही. इकडचं तिकडे नेते, तिकडचं इकडे आणते. आणि एकदा आणलेलं परत नेत नाही."

सोनकीने नियम नीट ऐकलेच नाहीत. "बाबांचा ताप उतरवणारं औषध!" ती एका दमात म्हणाली.

पंख फडफडले आणि तिच्या ओंजळीत एक छोटीशी निळी बाटली आली. तिच्यात मोत्यासारखी पांढरीशुभ्र पूड होती. पण सोनकी दचकली. बाटली कोमट होती. कुणाच्या तरी मुठीतून नुकतीच निघाल्यासारखी.

तेवढ्यात धुक्यापलीकडून एक किंकाळी आली. "माझी बाटली! आत्ता तर हातात होती! आईला काय देऊ आता?"

सोनकीने बाटली वर धरली. "परीताई, ही कुणाची?"

"ज्याच्याकडे होती त्याची."

"मग दुसरी आणा ना!"

"तीही कुणाची तरी असेल, बाळ."

सोनकी घराच्या दिशेने चार पावलं पळाली. कानात बाबांची धाप घुमत होती, आणि मागून ते रडणं. ते रडणं अगदी तिच्यासारखं होतं. ती थांबली. मागे वळली. शिळेवरचं मडकं उचलून तिने छातीशी धरलं, डोळे गच्च मिटले आणि ती धुक्यात शिरली.

गार! पायांची बोटं बधिर झाली. 'झाले मी दगड,' तिला वाटलं. तिने भीत भीत अंगठा हलवून पाहिला. हलला. दुसराही हलला. मग तिने डोळे उघडले.

समोर तिच्याच वयाची एक मुलगी झाडाला चिकटून थरथरत होती. मखमली बूट चिखलाने भरलेले आणि रेशमी ओढणी तोंडात कोंबलेली.

"खाऊ नकोस मला!" ती ओरडली. "माझ्या अंगावर मांसच नाहीये!"

"मी कशाला खाऊ?" सोनकीही कापतच म्हणाली. "आम्ही भाकरी खातो."

"खरंच? मग डोंगरवाले माणसं खातात, असं का सांगतात?"

"कुणास ठाऊक. आम्हाला सांगतात, तुम्ही दगड करता."

मग सोनकीने बाटली पुढे केली. "ही घे. माझ्याकडे चुकून आली."

त्या मुलीचं नाव मोतिया. बाटली घेताना तिला पुन्हा रडू फुटलं. "हिचा तरी काय उपयोग? हे औषध मधातूनच चाटवावं लागतं. नुसतं दिलं की आईला उलटून पडतं. आणि नगरीत थेंबभरही मध उरलेला नाही. तुझी घंटा ऐकली, पण पुढे यायला पायच उचलेनात."

सोनकी मडक्याकडे पाहतच राहिली. "मध तुम्हाला औषधासाठी लागतो? आम्हाला वाटायचं, चैनीला!"

"आमचे वैद्य म्हणतात, रानफुलांचा मध असेल तर पूड चिमूटभर पुरते."

मोतियाच्या चांदीच्या डबीत अर्धा मध ओतला गेला. सोनकीच्या पानाच्या पुडीत अर्धी पूड आली.

तेवढ्यात परी पुन्हा प्रकटली. "एक इच्छा उरली आहे, सोनकी. हिच्या नगरीत हिऱ्यांच्या राशी आहेत. एखादी आणू?"

सोनकीने मोतियाचे चिखलाने माखलेले बूट पाहिले. "नको. हे धुकं इथून घेऊन जा."

"ते माझ्या पंखांचं आहे, बाळ. ते नेलं की मलाही जावं लागेल." परी हसली. "बरं झालं मागितलंस. फार जड झालं होतं."

तिने पंख मिटले. रुपेरी, केशरी, सोनेरी उजेडाचा लोट उठला, शिळा लखलखली आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

सोनकी धावत सुटली. झोपडीत पोचताच तिने पूड मधात कालवली आणि बोटाने बाबांच्या ओठांना लावली. बाबा हलेनात. ती त्यांचा हात धरून बसली आणि मनात नाही नाही ते येत राहिलं. किती तरी वेळाने तिच्या बोटांना ओलं लागलं. बाबांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब डवरले होते.

"सोनके," ते पुटपुटले, "भूक लागली गं."

बाबा काठी टेकत चालू लागले, तेव्हा सोनकी त्यांना नव्या मधाच्या मडक्यासह शिळेपाशी घेऊन गेली. पलीकडून मोतिया आली. तिच्यामागे हळूहळू पावलं टाकत तिची आई. गावातले लोक अजूनही झाडांमागून भीत भीत बघत होते.

मोतियाच्या आईने मडक्यात डोकावून पाहिलं. "मध कसा दिला?" तिने विचारलं.

कातळदेशात हे आजवर कुणालाच कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी लेकीकडे पाहिलं. सोनकीने मोतियाचा हात घट्ट धरला आणि पहिल्यांदाच आपल्या मधाचं मोल तोंडाने सांगितलं.