नकाशावरचा रस्ता

कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका आडबाजूच्या, ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतला दवाखाना आजही चालू आहे, तो जीपच्या एका किल्लीमुळे.

तो बंद करायला एका जुलैत राजधानीचे साहेब विमानाने उतरले. नकाशावर बोट आपटून म्हणाले, "शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत सरळ रस्ता आहे. तीन तासांत पोचाल. मग इथे नर्स हवी कशाला?"

वस्तीच्या प्रमुख डॉरीन कीशिक यांनी जीपची किल्ली पुढे केली. "विमान परत धाडा, साहेब. याच रस्त्याने जा. पोचलात की फोन करा, आम्ही लगेच कुलूप लावतो."

साहेब ऐटीत बाहेर आले. "कुठाय रस्ता?"

डॉरीनबाईंनी सरोवराच्या लाटांकडे बोट दाखवलं. "हा काय समोर! जानेवारीत सरोवर गोठलं की यावरून ट्रकसुद्धा धावतात. आत्ताच निघणार असाल, तर... पोहता येतं ना?"