येसूचे तळे

बेंदराच्या आदल्या दिवशी आलात ते बरे केलेत मंडळी. एरवी हे तळे पाहून तुम्ही म्हणाला असता, यात काय पाहायचे! याला ओढा मिळत नाही, कुणी घाट बांधलेला नाही, आणि काठ तर असे वेडेवाकडे की म्हशीसुद्धा जपून उतरतात. पण आज पाहा. मुले काठावर मातीचे बैल करताहेत आणि त्यांचे आईबाप पाठीमागे हात घेऊन उभे आहेत. प्रत्येकाच्या मनगटांना चिंधी बांधलेली आहे. तुम्हीही जवळ जाणार असाल, तर आधी हात बांधून घ्या.

हे तळे एकाच माणसाने उकरले, असे सांगतात. भिवबा कुंभार त्याचे नाव. त्याच्या घागरीवर बसलेली माशी घसरून पडते, असे बायका म्हणत, इतका त्याचा हात गुळगुळीत. बेंदराला पुजायचे बैल गावभर त्याच्याच घरून जात. बैल कच्च्या मातीचे, पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडायचे, ही तेव्हाची रीत.

त्याची एकुलती एक मुलगी येसू. सात-आठ वर्षांची असेल. बाप चाकावर बसला की ही शेजारी बसून बैल करायची. एक शिंग वर, एक खाली, वशिंड डोंगराएवढे, आणि डोळ्यांच्या जागी अंगठा दाबून केलेले दोन खळगे. भिवबाचा मुलीवर फार जीव. वाकडा बैल दिसला की तो हसून म्हणायचा, "आण हिकडं, नीट करून देतो." दोन बोटांत शिंगे सरळ, ओल्या फडक्याने अंग साफ, अंगठ्याचे खळगे बुजलेले. बैल देखणा व्हायचा, यात शंका नाही.

येसू तो हातात घेऊन म्हणायची, "बा, आता ह्यो तुजा झाला."

तान्हाई, म्हणजे त्याची बायको, कितीदा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की वाकडा. पोरीचा हात हाय त्यो."

"कुंभाराच्या घरात वाकडा बैल? गाव शेण घालंल तोंडात." त्याचे हे उत्तर ठरलेले असे. त्याला वाटे, आपण पोरीला शिकवतो आहोत.

एका बेंदराला येसूने बैल केला आणि तो परकराच्या ओच्यात लपवला. भिवबाने पाहिलेच. त्याने सवयीने हात पुढे केला. पोर उठली ती पळत सुटली, थेट माती खणायच्या खड्ड्यापाशी. पावसाचे पाणी साचले होते. बापाच्या हातात देण्यापेक्षा तिने बैल त्या पाण्यात टाकून दिला. त्यानंतर तिने मातीला बोट लावले नाही. बाप चाकावर बसे आणि ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसे. पोर शहाणी झाली, असे भिवबाला वाटले म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली आणि दोन दिवसांत येसू गेली.

तेराव्यानंतर तान्हाई नवऱ्याला म्हणाली, "तिच्या हाताचं कायतरी द्या मला. कायबी द्या."

भिवबाने घर पालथे घातले. रांजण पाहिले, पणत्या पाहिल्या, चुलीच्या लिंपणाचे थर बोटांनी चाचपले. पोरीने जिथे जिथे हात लावला होता, तिथे तिथे तो मागून फडके फिरवून गेला होता. साऱ्या घरात पोरीच्या अंगठ्याचा एक ठसा सापडेना. सगळीकडे त्याचाच हात. तेव्हा त्याला तो बैल आठवला, आपल्या हातात न आलेला.

त्याच दिवशी पाटी घेऊन तो खड्ड्यात उतरला. दोन पावसाळे, दोन उन्हाळे उकरत राहिला. प्रत्येक ढेकूळ बोटांनी फोडायचा, उजेडात धरून पाहायचा. लोक काठावरून ओरडायचे, "आरं भिवबा, कच्चा बैल त्यो! कवाच इरला आसंल!" कच्ची माती पाण्यात विरते, हे कुंभाराला कुणी सांगावे लागते का? त्याला ते साऱ्या गावापेक्षा अधिक ठाऊक होते. तरी तो उकरत राहिला. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी पाण्यावर नुसती पाटी तरंगताना दिसली.

पुढच्या बेंदराला तान्हाईने गावची सारी पोरे इथे बोलावली आणि त्यांच्यापुढे माती ठेवली. भिवबाचे ते फडके फाडून तिने चिंध्या केल्या आणि एकेका आईबापाचे हात पाठीमागे बांधले. पोरांचे बैल तिने भट्टीत भाजून घेतले आणि सांगितले, हे पाण्यात सोडायचे नाहीत, घरच्या कोनाड्यात ठेवायचे. तेव्हापासून ही रीत आहे.

माझ्या घरीही कोनाडा आहे. तो रिकामा आहे. मी पस्तीस वर्षे शाळामास्तर होतो, चुका सुधारणे हाच माझा धंदा. ही गोष्ट तर मला तोंडपाठ. दरसाल इथे हात बांधून उभा राहायचो. पण बैल भट्टीत जायच्या आधी एक रात्र घरी सुकतो, आणि घरी हात मोकळे असतात. माझ्या मुलीचे, शैलाचे, पहिल्या तीन वर्षांचे बैल मी नीट केले. चौथ्या वर्षी ती काठावर आलीच नाही. आता ती चाळिशीची आहे. रांगोळीचे ठिपकेसुद्धा छापा घेऊन काढते, म्हणते, "मला नाही बाई जमत." हे मी केले, दुसऱ्या कुणी नाही.

आजही बेंदराच्या आदल्या दिवशी सारे गाव इथे हात बांधून उभे राहते. पण आता मुलेच माती घेऊन मोठ्यांकडे येतात. मघाशी शैलाची मुलगी मुक्ता माझ्यापुढे गोळा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हीच करून द्या ना, माझा वाकडा होतो." हात बांधलेले होते, मी नाही म्हणालो. मग तिने तो गोळा तळ्यात टाकला आणि हात धुऊन आईजवळ जाऊन बसली.